सतरा सप्टेंबरचे दोन इंग्रजी शब्द

आपल्या औरादपासून उदगीर जवळ, नारायणखेडही फार दूर नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ही तिन्ही ठिकाणे एकाच बिदर जिल्ह्यातील तालुक्यांची होती. त्या दिवशी उदगीर मुंबई राज्यात, नारायणखेड आंध्रात आणि औराद म्हैसूर राज्यात गेले. सोयरिकी मात्र जिथल्या तिथे राहिल्या. आजही दर १७ सप्टेंबरला या तिन्ही ठिकाणी झेंडावंदन होते. निमंत्रणपत्रिकेवरील नाव तेवढे निरनिराळे असते. उदगीरला तो ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’. आपल्याकडे पूर्वी ‘विमोचना दिन’ म्हणत, २०१९ पासून ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ म्हणतात. हैदराबादेत तर २०२२ साली एकाच दिवशी केंद्र सरकारने ‘लिबरेशन डे’ आणि राज्य सरकारने ‘इंटिग्रेशन डे’ साजरा केला.

एका घटनेला दोन शब्द का लागावेत? प्रस्तुत लेखकाने उभी हयात सरकारी मसुदे लिहिण्यात घालविली. मसुद्यातील एका शब्दाने फाईल कशी फिरते, हे त्याने पाहिलेले आहे. हैदराबादचा प्रश्न तर आरंभापासूनच शब्दांचा प्रश्न होता.

१९४७ साली निजामासमोर जो दस्तऐवज ठेवण्यात आला त्याचे नाव ‘इन्स्ट्रुमेंट ऑफ ॲक्सेशन’. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार व दळणवळण हे तीन विषय भारताकडे सोपवून संघराज्यात प्रवेश करावयाचा, असा त्याचा आशय होता. निजामाचे सल्लागार सर वॉल्टर मॉन्कटन हे कसलेले कायदेपंडित. त्यांच्या बाजूने शब्द आला ‘असोसिएशन’. कानाला दोन्ही जवळचे वाटतात. पण ॲक्सेशन म्हणजे घरात येणे आणि असोसिएशन म्हणजे शेजारी राहून घरोबा ठेवणे. सरदार पटेलांना हा फरक पुरता ठाऊक होता. अखेरीस २९ नोव्हेंबर १९४७ रोजी झाला तो एक वर्षाचा ‘जैसे थे करार’. सामीलनाम्यावर निजामाची सही कधीच झाली नाही.

पुढील शब्द आपल्या घराघरांत रुजलेला: ‘पोलीस ॲक्शन’. १३ सप्टेंबर १९४८ रोजी रणगाडे व विमाने यांसह लष्कर हैदराबाद संस्थानात शिरले. लष्कराच्या कागदांत त्या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’. मग पोलीस कुठून आले? युद्ध दोन राष्ट्रांत होते. युद्ध म्हटले की हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र असल्याची कबुली दिल्यासारखे होते, आणि हैदराबादने तर ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली होती. स्वतःच्या हद्दीत जातो तो पोलीस. गंमत अशी की, १९४७ साली डचांनी इंडोनेशियातील आपल्या लष्करी मोहिमेला हेच नाव दिले होते आणि त्याविरुद्ध सुरक्षा परिषदेत दाद मागणाऱ्यांत भारत पुढे होता. शब्द कुणाच्या हाती पडतो यावर बरेच अवलंबून असते, हेच खरे.

आता मूळ जोडी. ‘इंटिग्रेशन’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘इंटिजर’ आहे. त्याचा अर्थ अखंड, पूर्ण. गणितात त्यालाच आपण पूर्णांक म्हणतो. सुटलेला भाग पूर्णात बसविणे म्हणजे इंटिग्रेशन. व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांवरील आपल्या १९५६ च्या ग्रंथाच्या नावात हाच शब्द योजला. मराठीत आपण त्याला ‘विलीनीकरण’ म्हणतो, ते मला नेमके वाटत नाही. मीठ पाण्यात विलीन होते, मग ते उरत नाही, ते ‘मर्जर’. इंटिग्रेशनमध्ये भाग शिल्लक राहतो. या शब्दाचा कर्ता मात्र दिल्लीत बसलेला आहे.

‘लिबरेशन’ला बंदी लागतो आणि बंदिवान करणाराही लागतो. मराठवाड्याने त्याला ‘संग्राम’ जोडला, आणि कर्तेपण स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसकडे, तुरुंगात गेलेल्या विद्यार्थ्यांकडे, सरहद्दीवरील छावण्यांकडे दिले. मे १९४८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील गोरटा गावी रझाकारांनी जी कत्तल केली, ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना ‘इंटिग्रेशन’ हा शब्द कोरडा वाटला तर नवल नाही. मलाही तो तसाच वाटत असे.

नोकरीत असताना एका वर्षी कार्यक्रमाचा इंग्रजी मसुदा माझ्याकडे आला. मी निःशंकपणे ‘लिबरेशन’ लिहिले. टंकलेखन करणारे वयस्क सहकारी बिदरचे मुसलमान होते. कागद हाती घेऊन ते क्षणभर थांबले. मग काही न बोलता त्यांनी टंकलेखन पूर्ण केले. मीही विचारले नाही. पुढे ते निवृत्त झाले, वारले. २०१३ च्या सुमारास पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालाची चर्चा वृत्तपत्रांतून आली. ही समिती पंतप्रधान नेहरूंच्या सूचनेवरून १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरली होती. पोलीस ॲक्शनच्या वेळी व त्यानंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज. त्यांत मुसलमानच प्रामुख्याने होते. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे तिने सांगितले, ते उस्मानाबाद, गुलबर्गा, नांदेड आणि बिदर. अनेक दशके हा अहवाल लोकांसमोर आलाच नव्हता. तो वाचताना मला त्या सहकाऱ्यांचा टंकयंत्रावर थांबलेला हात आठवला.

आजही मला १७ सप्टेंबरसाठी ‘मुक्ती’ हाच शब्द अधिक खरा वाटतो. गोरट्याला दुसरे उत्तर नाही. परंतु तो लिहिताना आता मीही क्षणभर थांबतो.

आमच्या आजीला यांपैकी एकही शब्द माहीत नव्हता. ती नुसते ‘ॲक्शन’ म्हणे. थोरल्या बहिणीचे नाव शाळेत घालताना जन्मतारीख विचारली, तेव्हा आजीने सांगितले होते, “ॲक्शन झाली तेव्हा ही रांगत होती.” गुरुजींनी बोटे मोजली आणि १९४८ सालातील एक तारीख मांडली. बहिणीच्या निवृत्तिवेतनाच्या कागदावर तीच तारीख आहे.