ओलाफ शोल्झ म्हणजे आपले पाटीलच की!

ओलाफ शोल्झ २०२१ ते २०२५ या काळात जर्मनीचे चॅन्सेलर होते. त्यांचं आडनाव मराठीत करायचं म्हटलं तर ते होतं पाटील. थट्टा करत नाही. जुन्या जर्मन गावात 'शुल्टहाइस' नावाचा हुद्देदार असायचा. कोणाकडे किती देणं निघतं ते सांगायचं, वसूल करायचं, बांधावरची भांडणं मिटवायची आणि वरच्या सरदारापुढं गावाच्या वतीनं उभं राहायचं. आपल्या पाटलाचं दुसरं काय काम होतं? हा शब्द तोंडात झिजत झिजत उत्तर आणि पूर्व जर्मनीत शुल्झ, शुल्झे झाला. सिलेशियात, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेल्या भागात, तो शोल्झ झाला. दक्षिणेकडं काही घरांत शुल्टहाइस तसाच राहिला. नुसत्या आडनावावरून माणसाचे पूर्वज साधारण कोणत्या टापूतले, हे तिथले अभ्यासक नकाशावर बोट ठेवून सांगतात.

हे सगळं मला भाच्यामुळं कळायला लागलं. तो स्टुटगार्टला नोकरीला आहे. एकदा फोनवर म्हणाला, "मामा, हिकडं सगळे बलुतेदारच आहेत. म्युलर म्हणजे पिठाची चक्की चालवणारा, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे कोळी. आन् आपल्या राणीसावरगावात नुसते साहेबलोक!"

पोराचं बोलणं मनात राहिलं. त्यात गेल्या दोनेक वर्षांपासून गावाकडच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे, नोंद सापडली का? आणि त्या नादात लोक आडनावावरून काहीही ठोकून देतायत. 'देशमुख म्हणजे अमुकच', 'पाटील म्हटल्यावर दुसरी जात असूच शकत नाही', 'पंजोबाच्या नावापुढं माळीपाटील सापडलं, म्हणजे आपण माळी'. हे वाचून राहवलं नाही म्हणून हा प्रपंच. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही मुळात आडनावं नाहीतच. हे हुद्दे आहेत. गावाचा प्रमुख पाटील, गावाचा हिशेब लिहिणारा कुलकर्णी. अशी बरीच गावं मिळून परगणा, त्याचा प्रमुख देशमुख आणि त्याचा हिशेबनीस देशपांडे. हुद्द्याबरोबर वतन यायचं, म्हणजे जमीन, गावाकडून मिळणारे हक्क आणि मानपान. वतन बापाकडून पोराकडं जायचं, विकलंही जायचं, भावाभावांत वाटून घेतलं जायचं. अशी मालमत्ता असल्यावर माणूस ती नावाला चिकटवणारच. सातबारा नावापुढं लिहून फिरल्यासारखं आहे ते.

आता ह्याची पसरण बघा. एकच काम, पण मुलूख बदलला की शब्द बदलतो. गावाचा हिशेबनीस देशावर कुलकर्णी, वऱ्हाडात पांडे, निजामाच्या दफ्तरात पटवारी, गुजरातेत तलाटी, कारवारकडं शानभाग, तेलुगू मुलखात करणम. सगळ्यांची पुढं आडनावं झाली. २००० साली सिडनीत कांस्यपदक उचलणारी करणम मल्लेश्वरी आठवते ना? तिच्या नावातला करणम म्हणजे आपला कुलकर्णी. तसंच देशमुखाचं. दक्षिण महाराष्ट्रात आणि कोकणात देसाई, कानडीत नाडगौडा. 'नाड' म्हणजे देश आणि 'गौडा' म्हणजे पाटील. आणि नाडकर्णी म्हणजे शब्दाला शब्द देशपांडे! आयुष्यभर एकमेकांना परके समजणारी आडनावं एकाच खुर्चीवर बसलेली निघतात.

जर्मनीतही हाच प्रकार आहे. खाटकाला पूर्वेकडं फ्लायशर म्हणतात, नैर्ऋत्येला मेत्सगर. लोहार बऱ्याच भागात श्मिट, पण कोलोनच्या बाजूला गेलात की श्मित्स. फरक एवढाच की तिथं एका भाषेतल्या बोली बदलतात आणि आपल्याकडं मराठी, कानडी, तेलुगू आणि फारसी एकमेकांत मिसळतात. सबनीस, फडणीस, चिटणीस, पोतनीस यातला 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. पोतदार म्हणजे खजिन्याचा, नाण्यांच्या पारखीचा माणूस. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यातले गोविंदभाई श्रॉफ घ्या. श्रॉफ म्हणजे सराफ.

मग जातीचं काय? हुद्दा कोणाला मिळायचा, तर ज्याच्यावर त्या काळच्या सत्तेचा भरवसा आणि ज्याची त्या टापूत पकड, त्याला. त्यामुळं देशमुख एका जातीचे असणं शक्यच नव्हतं. नानाजी देशमुख आपल्याच जुन्या परभणी जिल्ह्यातल्या कडोळीचे (आता हिंगोली जिल्हा), ते ब्राह्मण. बाभळगावचे विलासराव देशमुख मराठा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख सीकेपी. पुण्याचे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख चित्पावन, आणि त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव सिधये! विदर्भातले पंजाबराव देशमुख मूळचे कदम. वतन आलं आणि सिधये, कदम मागं पडले. याशिवाय मराठवाड्यात लिंगायत देशमुख आहेत, मुस्लिम देशमुख आहेत. पाटलांचंही तेच. शिवराज पाटील चाकूरकर या नावात तर हुद्दा आणि गाव दोन्ही आहेत आणि कूळ कुठंच नाही.

तेलंगणात हेच देशमुख होते, पण तिथं शब्द बहुतेक हुद्दाच राहिला. १९४६ ला जो सशस्त्र लढा पेटला त्यात विसनूरच्या देशमुखाचं नाव गाजलं. त्याचं नाव रामचंद्र रेड्डी. देशमुखी गेली तरी आडनाव रेड्डीच. गोदावरीच्या खालच्या अंगाला हुद्दा माणसाच्या मागं राहिला, आपल्याकडं तो नावात घुसला.

आपला भाग निजामाचा, त्यामुळं आपल्याकडं आणखी एक वळण आहे. पहिले सालारजंग १८५३ ला दिवाण झाले आणि १८६५ ला त्यांनी जिल्हाबंदी केली. सरकारी तहसीलदार आले, वसुली सरकारनं हातात घेतली आणि देशमुख-देशपांड्यांचं वसुलीचं काम संपलं. भरपाई म्हणून त्यांना 'रुसूम' मिळत राहिला. म्हणजे आपल्याकडच्या देशमुखांचं खरं काम दीडशे वर्षांपूर्वीच गेलं, मागं राहिलं नाव आणि ऐट. (ऐट अजून आहे, ते असो.) तिकडं इंग्रजी मुंबई इलाख्याच्या भागात परगणा आणि कुलकर्णी वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५० उजाडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ लाच कुलकर्णी वतनं काढून तलाठी नेमले होते.

गावपातळीवर मात्र निजामाच्या राज्यात पाटलाचे दोन पाटील झाले. पोलिसाचं काम बघणारा पोलीस पाटील आणि महसुलाचं बघणारा माली पाटील. इथंच ग्रुपवरची ती मोठी गफलत आहे. 'माल' हा अरबी-फारसी शब्द, दफ्तरी अर्थ महसूल. माल-गुजारी मधला माल. माली पाटील म्हणजे महसुली पाटील. फुलमळ्याशी त्याचा काही संबंध नाही. पण गंमत अशी की उर्दू लिपीत 'ळ' नाही. त्यामुळं माळी आणि माली उर्दूत अगदी सारखेच लिहिले जातात, मीम-अलिफ-लाम-ये. उर्दूवरून मराठीत उतरवणाऱ्यानं 'माळी पाटील' लिहिलं की झालं! हुद्द्याची जात झाली. उलटही होऊ शकतं. खरोखर माळी समाजाचा माणूस असेल आणि वाचणारा म्हणेल, अहो हा तर हुद्दा आहे. दोन्हीकडं एखाद्या पोराची ॲडमिशन नाहीतर नोकरी अडकलेली असते. म्हणून म्हणतो, नोंद नुसती सापडून भागत नाही. ती कोणत्या रकान्यात आहे ते बघावं लागतं. नावाच्या रकान्यातलं 'माली' वेगळं, कौमच्या रकान्यातलं वेगळं.

आणि हा 'कौम'चा रकाना हाच आपला आणि जर्मनांचा खरा फरक आहे. मायकेल शूमाखर माहीत आहे ना, फॉर्म्युला वनवाला? शूमाखर म्हणजे जोडे शिवणारा. १९९८ ते २००५ चॅन्सेलर असलेले गेऱ्हार्ड श्र्योडर यांचं आडनाव उत्तरेकडचं, अर्थ कापड बेतणारा शिंपी. ही आडनावं पिढ्यान्‌पिढ्या वापरून इतकी गुळगुळीत झालीत की उच्चारताना कोणाच्या मनात जोडाही येत नाही आणि कात्रीही येत नाही. जर्मन साम्राज्यानं १८७६ पासून सगळीकडं सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सक्तीची केली, त्यानंतर नाव जे आहे ते पक्कं झालं. पण धंदा नावात थिजला आणि माणूस मोकळा झाला. श्मिटचा पोरगा प्राध्यापक झाला तर कोणी भुवया उंचावल्या नाहीत.

आपल्याकडं उलट झालं. ज्यांच्या हातात अधिकार होता त्यांनी हुद्दा आडनाव म्हणून मिरवला. ज्यांच्या हातात कसब होतं, त्यांचा धंदा आडनावात असो वा नसो, जातीच्या रकान्यात लिहिला गेलाच. पश्चिम महाराष्ट्रात सुतार, लोहार, कुंभार ही आडनावं भरपूर भेटतात. आपल्याकडं सुतार-लोहारांच्या घरी पांचाळ जास्त. लोखंड, लाकूड, तांबं, दगड आणि सोनं या पाच कसबांवरून आलेलं नाव. माझ्या मते हे एका परीनं आपणहून घेतलेलं मोठेपण आहे आणि त्यात काही वावगं नाही. देशमुखांनी हुद्दा मिरवला, ह्यांनी कसब मिरवलं. पण जुन्या नोंदीत बघा, गरिबाला आडनावच नाही. 'मारोती वल्द सखाराम', पुढं कौम, संपलं. आडनाव त्याला पुढं शाळेत मिळालं. ते गुरुजींनी काय लिहिलं त्यावर ठरलं. एका भावाच्या टीसीवर गावाचं नाव लावून 'कर', दुसऱ्याच्या टीसीवर वेगळंच काहीतरी. आज पडताळणीला रक्ताचं नातं सिद्ध करताना हेच दोन कागद एकमेकांच्या आडवे येतात.

आता मूळ मुद्दा. जर्मन भाषेत शेतकऱ्याला बाउअर म्हणतात आणि बाउअर हे बव्हेरियात खच्चून भरलेलं आडनाव आहे. आपल्याकडं त्याच अर्थाचा शब्द कुणबी. तिथं तो नाव झाला, इथं तो जातीच्या रकान्यात गेला. कुठं कुणबी लिहिलं, कुठं मराठा, कुठं दोन्ही. लिहिणाऱ्या पटवाऱ्याला काय ठाऊक की शंभर वर्षांनी ह्या एका शब्दासाठी मुंबईत मैदानं भरणार आहेत! निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती २०२३ ला नेमली गेली ती ह्याच निजामकाळातल्या नोंदी धुंडाळायला. मग २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय आला. त्यावरून ओबीसी बांधवांची नाराजी आहे आणि प्रकरण कोर्टात गेलंय. त्या वादात मी इथं शिरत नाही. दोन्ही बाजूंची पोरं माझ्या ओळखीची आहेत आणि दोन्हीकडं जमिनीचे तुकडे झालेत. मला एवढंच म्हणायचंय की जुनं गॅझेटियर जिल्ह्यात कोणत्या जातीचे किती लोक, हे सांगतं. तुमच्या पंजोबाचं नाव त्यात नाही. नाव सापडलं तर सेतवारात, खासरा पाहणीत, शाळेच्या प्रवेश रजिस्टरमध्ये. आणि तिथं 'पाटील' लिहिलेलं सापडलं तर तो फक्त हुद्दा सापडला. जात नाही सापडली.

जुने कागद काढणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी सांगतो. सन फसली असेल तर त्यात साधारण ५९० मिळवा, म्हणजे इसवी सन येईल. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९, पोलीस ॲक्शननंतरचं वर्ष. गावचं दफ्तर बरंचसं मोडीत, वरच्या कचेरीचं आधी फारसीत आणि पुढं उर्दूत. मोडी वाचणारा आणि उर्दू वाचणारा हे दोघं वेगळे लागतात, आणि पैसे घेऊन 'पाहिजे ते वाचून देतो' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. उर्दूत ण सुद्धा नाही, त्यामुळं कुणबीचं कुनबी दिसणार, काळेचं काले दिसणार. तेवढ्यावरून नोंद दुसऱ्याची म्हणून सोडून देऊ नका. आणि भाषांतराबरोबर मूळ पानाची प्रत जोडाच.

एक शब्द राहिलाच, मुकादम. फारसी कागदांत पाटलाला मुकद्दम म्हणायचे. गावचा पहिला माणूस. आज गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यात मुकादम म्हटलं की कोण डोळ्यापुढं येतो? उचल देऊन कोयत्यांची टोळी कारखान्यावर नेणारा. गावची माणसं गोळा करायची, त्यांच्याकडं किती फिरलं आणि किती राहिलं ते सांगायचं, वरच्याला जाब द्यायचा. शुल्टहाइसचं काम वेगळं काय होतं? आणि पोलीस पाटील तर १९६७ च्या कायद्यानं अजून नेमले जातात. महसुली पाटलांचं पद १९६२ च्या कायद्यानं गेलं, पोलीस पाटील राहिले. फक्त आता ते घराण्यानं मिळत नाही, परीक्षा देऊन आणि आरक्षणानुसार मिळतं. त्यामुळं पोलीस पाटील बाई कांबळे, गायकवाड, राठोड कोणीही असू शकतात आणि गावात पन्नास पाटील असून एकाकडंही पाटीलकी नसते. तलाठ्याचं तर आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय. ते आडनाव म्हणून कोणी लावेल असं वाटत नाही, फारच लांब आहे!

आपल्या भागात अजून अशी हुद्द्याची किंवा धंद्याची आडनावं कोणती आहेत ते खाली सांगा, गावाच्या नावासकट. माली पाटील लिहिलेली मूळ उर्दू नोंद कोणाकडं असेल तर फोटो जरूर टाका, फक्त त्याआधी आधार नंबर आणि गट नंबर झाका.