मॅट्रिकनंतरचा दरवाजा : मुंबई इलाख्यातील शिष्यवृत्त्यांची गोष्ट
#इतिहासधागा

१/
१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधील एक सोळा वर्षांचा विद्यार्थी मॅट्रिक उत्तीर्ण झाला. गुण ७५० पैकी २८२. गुणवत्ता यादीत नाव नाही, बक्षीस नाही. सहा वर्षांनी हाच विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. मधल्या सहा वर्षांत काय घडले, हे समजण्यासाठी कॉलेजप्रवेश आणि शिष्यवृत्ती या दोन्ही व्यवस्था आपल्याकडे कशा उभ्या राहिल्या ते पाहावे लागते. 🧵

२/
प्रारंभ पेशवाईतील दक्षिणेपासून. विद्वान ब्राह्मणांना द्रव्य देण्याची ही प्रथा तळेगावच्या दाभाड्यांकडून पेशव्यांकडे आली आणि श्रावणात पुण्यात तिचा मोठा सोहळा होऊ लागला. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तरी कंपनी सरकारने ही रक्कम एकदम बंद केली नाही. तिचा काही भाग विद्येकडे वळवण्यात आला. १८२१ साली पुण्यातील विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचीच परंपरा पुढे डेक्कन कॉलेजपर्यंत पोहोचली.

३/
१८४९ मध्ये पुण्यातील सुधारणावादी तरुणांनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेचा पैसा केवळ शास्त्री-पंडितांना न देता त्यातून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्यावे, अशी त्यांची मागणी होती. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख या चळवळीत अग्रभागी होते. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला. तथापि निधीचे स्वरूप बदलत गेले. त्यातूनच पुढे कॉलेजात शिकणाऱ्या व शिकवणाऱ्या तरुणांसाठी ‘दक्षिणा फेलो’ ही जागा निर्माण झाली.

४/
१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. या शब्दाचा मूळ अर्थ विद्यापीठाच्या नोंदवहीत नाव दाखल होणे. म्हणजे मॅट्रिक ही मुळात शाळा संपल्याची परीक्षा नव्हती. ती विद्यापीठाने स्वतः घेतलेली प्रवेशपरीक्षा होती. सरकारी नोकरीसाठी तिचा दाखला मागितला जाऊ लागल्यावर लोकांच्या मनात तिचे रूप पालटले.

५/
पहिल्या परीक्षेला शंभराहून अधिक उमेदवार बसले. उत्तीर्ण झाले जेमतेम वीस-बावीस. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले, ते अवघे चार : रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. रानडे व भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो होते. पेशव्यांच्या श्रावणातला पैसा आता इंग्रजी विद्येच्या पहिल्या पिढीला पोसत होता.

६/
परीक्षा पार केली तरी खरा प्रश्न पुढेच असे : राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे? एल्फिन्स्टन, विल्सन आणि सेंट झेवियर्स मुंबईत. डेक्कन आणि १८८५ नंतर फर्ग्युसन पुण्यात. कोकणातल्या वा देशावरच्या मुलाला गाव सोडल्यावाचून गत्यंतर नव्हते. गरीब ब्राह्मण मुलांना माधुकरी मागण्याची किंवा वार लावून जेवण्याची सोय होती : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कोणत्याही सरकारी कागदावर नोंद नसलेली ही एक मोठी शिष्यवृत्तीच होती. इतर जातींच्या मुलांसाठी तिचे दार उघडत नसे.

७/
ज्यांना ही सोय होती त्यांचाही मार्ग सोपा नव्हता. १८७५ साली मुरुडचे धोंडो केशव कर्वे सरकारी नोकरीची पात्रता देणाऱ्या परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले. भर पावसात, घाटवाटेने, शंभर मैलांहून अधिक पायपीट केली. तेथे पोहोचल्यावर, वय सतरापेक्षा कमी दिसते एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. वयाची खातरी पटवून देणारे कोणी त्या परक्या गावात नव्हते. पुढे १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले.

८/
मॅट्रिकच्या निकालावर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांत सर्वांत मानाची ठरली ती जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती. नाना शंकरशेट १८६५ मध्ये निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ संस्कृतात सर्वोच्च गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ती सुरू झाली. ‘शंकरशेट स्कॉलर’ ही ओळख मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगितली गेली. १९१२ साली चिंतामण द्वारकानाथ देशमुख मॅट्रिकला इलाख्यात पहिले आले आणि या शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. हेच देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

९/
शिष्यवृत्ती निर्मळ हेतूची, निकष स्पष्ट, स्पर्धा खुली. परंतु संस्कृतात पहिले येण्यासाठी आधी संस्कृतच्या वर्गात बसता आले पाहिजे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य विद्यार्थ्याला ते शिकवण्यास शिक्षकाने नकार दिला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. मॅट्रिकला बसण्याच्या कितीतरी आधी, विषय निवडतानाच, इलाख्यातील सर्वांत प्रतिष्ठित शिष्यवृत्तीचा रस्ता त्यांच्यापुरता बंद झालेला होता. हे अपात्रतेचे कलम नियमावलीत शोधून सापडणार नाही.

१०/
नियमावलीतच अडसर असल्याचेही उदाहरण आहे. १८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना प्रवेश खुला केला. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. त्यांच्या निकालाच्या बळावर इंग्लंडमधील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळणे अपेक्षित होते. ती नाकारली गेली. कारण एकच : त्या स्त्री होत्या.

११/
सोराबजींचा प्रवास मात्र थांबला नाही. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी काही काळ अध्यापन केले. इंग्लंडमध्ये मेरी हॉबहाउस आणि ॲडलेड मॅनिंग यांनी पुढाकार घेऊन वर्गणी गोळा केली. देणगीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेही नाव होते. १८८९ मध्ये सोराबजी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या. सरकारने नाकारलेली रक्कम परिचितांच्या जाळ्याने उभी केली. असे जाळे ज्यांच्यापाशी नव्हते, अशा मुलींचा प्रवास कोठे संपला, याची नोंद कोणी ठेवली नाही.

१२/
१८९२ साली जमशेटजी टाटांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. ही मदत ऋणरूपाने होती : विद्यार्थ्याने शिकून कमवावे आणि परत केलेल्या रकमेतून पुढचा विद्यार्थी जावा. या निधीच्या पहिल्या दोन्ही मानकरी स्त्री डॉक्टर होत्या : फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर.

१३/
कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी प्रश्नाची दुसरी बाजू हेरली. शिक्षणाची फी ही अडचण होतीच. त्याहून मोठी अडचण होती शहरात डोके टेकण्याची. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यानंतर जैन, मुसलमान, लिंगायत आणि इतर अनेक समाजांसाठी वसतिगृहे निघाली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग उघडले. महाराजांनी जागा, इमारती आणि उत्पन्न दिले; चालवण्याची जबाबदारी त्या त्या समाजातील मंडळींवर सोपवली.

१४/
बोर्डिंगमुळे छप्पर आणि दोन वेळचे जेवण मिळाले, हे उघडच आहे. त्याखेरीज आणखी एक गोष्ट घडली. खेड्यातून आलेल्या मुलाला तेथे वरच्या वर्गातला मुलगा भेटे. कोणता विषय घ्यावा, अर्ज कोणाकडे करावा, फीमाफी कधी मिळते, हे त्याला ठाऊक असे. ज्या घरांत मॅट्रिक झालेले कोणी नव्हते, त्या घरांतील मुलांना ही माहिती प्रथमच एका छपराखाली उपलब्ध झाली. माधुकरीच्या व्यवस्थेने एका जातीला जे दिले होते, ते आता इतरांच्या आवाक्यात येऊ लागले.

१५/
आता पुन्हा भीमरावांकडे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा रोज वाचत बसलेला विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी पाहिला. केळुसकर गुरुजी स्वतः ग्रंथकार. छत्रपती शिवाजी महाराजांचे त्यांनी लिहिलेले विस्तृत चरित्र प्रसिद्ध आहे. त्यांनी मुलाची विचारपूस केली आणि त्याला वाचायला पुस्तके दिली. मॅट्रिक झाल्यानंतर सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली, तेव्हा गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले.

१६/
भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. मात्र निवृत्त सुभेदार रामजींना कॉलेजचा खर्च झेपेना आणि शिक्षण मध्येच थांबण्याची वेळ आली. गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि भीमरावांना त्यांच्या भेटीस नेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. कॉलेजातील प्राध्यापक म्युलर यांनीही पुस्तके व कपडे देऊन साहाय्य केले.

१७/
बी.ए. झाल्यानंतर, १९१३ च्या जून महिन्यात, बडोदा संस्थानाशी करार झाला : कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे शिक्षण, दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. ७५० पैकी २८२ गुणांवर त्यांच्या योग्यतेचा अंदाज बांधला असता, तर हा करार झालाच नसता. सयाजीरावांपाशी पैसा होता, इच्छाही होती. पण परळच्या चाळीतला मुलगा आणि बडोद्याचे महाराज यांच्यामधले अंतर एका शाळामास्तराने ओलांडून दिले.

१८/
हे काम व्यक्तीच्या भल्या स्वभावावर सोडून भागणार नव्हते. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वानुसार विद्यार्थी श्रम करून शिकू लागला. येथे कोणाकडे शब्द टाकण्याची गरज उरली नाही.

१९/
व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४२ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य समाजाच्या मागण्यांचे सविस्तर निवेदन सरकारला सादर केले. उच्च शिक्षणासाठी आर्थिक तरतूद ही त्यांतील महत्त्वाची मागणी. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. एकेकाळी बागेत वाचत बसणाऱ्या मुलाला जे योगायोगाने मिळाले, ते हक्काने मिळण्याची ही तजवीज होती.

२०/
दक्षिणेपासून मॅट्रिकोत्तर योजनेपर्यंतचा हा प्रवास पाहिला की शिष्यवृत्तीचे तीन भाग दिसतात : पैसा, निकष आणि बातमी. पैसा दात्यांनी वा सरकारने दिला. निकषांचे दरवाजे झगडून रुंद करावे लागले. बातमी मात्र नेहमी माणसांनीच पोहोचवली : शिक्षकाने, वसतिगृहातल्या वरच्या वर्गातील मुलाने, ओळखीच्या एखाद्या गृहस्थाने.

२१/
आज बारावीच्या विद्यार्थ्यापुढे पोर्टल आहे, सीईटी आहे, उत्पन्नाचा व जातीचा दाखला आहे, अर्जाची अंतिम तारीख आहे. ज्या घरातून प्रथमच कोणी कॉलेजात जात आहे, तेथे ही तारीख उलटून गेल्यावर कळण्याची शक्यता आजही अधिक. केळुसकर गुरुजींनी भीमरावांना स्वतःच्या खिशातून शिष्यवृत्ती दिली नव्हती. कोणाला भेटायचे हे त्यांना माहीत होते आणि ते सोबत गेले. गावातील एखाद्या जुन्या बोर्डिंगच्या दारावरील कोनशिला पाहिलीत, तर तिच्यावरील साल जरूर वाचावे. त्या सालापूर्वी तेथील मुले कुठे राहत, कुठे जेवत, हा प्रश्न स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाची उत्तम सुरुवात ठरेल.