बाहेर पडलात, पण लॉगआउट झालात का?

मंडळी, या वीकेंडला थोडा इतिहास. व्हर्च्युअल सर्व्हरच्या कन्सोलमध्ये शिरायला काही लागत नाही. 'व्हर्श कन्सोल' टाइप करायचं, पुढे मशीनचं नाव, की झालं! बाहेर कसं पडायचं हे मात्र प्रत्येक नव्या अॅडमिनला कुणीतरी सांगावं लागतं: कंट्रोल दाबून उजवा चौकटी कंस. आता ही अजब जोडी आली कुठून?

त्यासाठी आधी १९६० च्या दशकात जाऊ. अमेरिकेत आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये रॉबर्ट क्रीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० बनवलं. एका मेनफ्रेमवर प्रत्येकाला स्वतःचं आभासी मशीन, आणि समोरचं टर्मिनल म्हणजे त्या मशीनचं कन्सोल. पुढे १९७२ मध्ये व्हीएम/३७० आलं. त्यात बाहेर पडायचे दोन वेगळे हुकूम होते. 'डिस्कनेक्ट' म्हटलं की तुम्ही गेलात, मशीन चालूच. 'लॉगऑफ' म्हटलं की मशीनच संपलं. डिस्कनेक्ट करून परत आलात तर पासवर्ड पुन्हा द्यावा लागे.

आता तो कंस. आस्कीमध्ये त्याचा क्रमांक ९३. कंट्रोल दाबलं की त्यातून ६४ वजा होतात, उरतात २९. हे गटविभाजक चिन्ह रोजच्या टायपिंगमध्ये कुणाला लागतच नाही, म्हणून सुटकेसाठी सोयीचं. युनिक्सच्या टेलनेटने तेच वापरलं. पुढे २००३ मध्ये झेन आलं, २००५ मध्ये लिबव्हर्ट सुरू झालं. त्यांच्या कन्सोलांनीही तीच सवय उचलली.

सवय उचलली खरी, पण 'डिस्कनेक्ट' आणि 'लॉगऑफ' यांतला तो स्पष्ट फरक काही सोबत आला नाही. गंमत इथेच आहे, आणि धोकाही.

मोडेमच्या जमान्यात फोन तुटला की कॅरियर जायचा, युनिक्स हँगअपचा सिग्नल पाठवायचं आणि सेशन बंद पडायचं. व्हर्च्युअल सर्व्हरचं कन्सोल म्हणजे सहसा एक खोटं सिरियल पोर्ट. तुम्ही कंट्रोल-कंस दाबून निघून गेलात, हे आतल्या लिनक्सला कळतच नाही. त्याच्या लेखी तुम्ही अजून तिथेच बसलेले आहात, रूट म्हणून! पुढचा माणूस त्या कन्सोलला जोडला गेला की पासवर्ड वगैरे काही नाही, थेट रूटचा प्रॉम्प्ट. म्हणजे घराला कुलूप न लावता फक्त दार ओढून घेतल्यासारखं.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी 'एग्झिट'. लॉगिनची ओळ डोळ्यांनी पाहा. मगच कंट्रोल-कंस. शिवाय बॅशमध्ये 'टीएमआउट' लावून ठेवलंत तर शेलच्या प्रॉम्प्टवर रिकामं पडलेलं सेशन ठरावीक सेकंदांनी आपोआप बंद होतं.

१९७२ मध्ये दोन शब्दांत सांगितलेला फरक आज आपल्यालाच डोक्यात ठेवावा लागतो. असो. तुमच्या सर्व्हरवरची कन्सोलं सोमवारी एकदा तपासाच!