तहाचे चौथे कलम



अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे नाव काढले की बोस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा, वॉशिंग्टनची बर्फातली छावणी आणि यॉर्कटाउनची शरणागती ही चित्रे डोळ्यांपुढे येतात. शाळेपासून आपण तीच पाहात आलो आहोत. आज मला आपणांस एका पेढीत न्यावयाचे आहे. पेढी ब्रिस्टलची आहे, मालकांची नावे फॅरेल आणि जोन्स. त्यांच्या चोपड्यांत व्हर्जिनिया प्रांतातील थोरामोठ्यांची खाती आहेत, आणि पुष्कळशा खात्यांवर बाकी येणे आहे. ही बाकी फेडायची की नाही, ह्या साध्या प्रश्नावर एक नवे राष्ट्र सुमारे वीस वर्षे अडखळत होते.

बाकी झाली कशी, ते आधी पाहू. व्हर्जिनियाचे पीक एकच, तंबाखू. ब्रिटिश कायद्याप्रमाणे ती ब्रिटनखेरीज अन्यत्र पाठविता येत नसे. मोठा जमीनदार सुमारे हजार-हजार रतलांची पिंपे भरून आपल्या आडतदाराकडे लंडनला किंवा ब्रिस्टलला रवाना करी. विक्री आडतदाराने करायची. वाहणावळ, जकात, हमाली, वखारभाडे आणि आपली आडत कापून उरेल ते खाती जमा करायचे. आणि त्याच खात्यावर जमीनदाराने मागविलेला माल त्यानेच खरेदी करून धाडायचा: रेशीम, गाडी, मद्य, पुस्तके, बायकांच्या टोप्या. विकणारा तोच, विकत घेणारा तोच, आणि उधारी देणाराही तोच! असा व्यवहार कोणाच्या बाजूने कलणार, हे आपल्याकडच्या कोणाही शेतकऱ्यास सांगावे लागणार नाही.

खुद्द वॉशिंग्टनचे खाते लंडनच्या रॉबर्ट कॅरी कंपनीकडे होते. माल निकृष्ट येतो, जुन्या तऱ्हेचा येतो आणि किंमत मात्र चढी लावली जाते, अशी त्याची तक्रार असे. १७६४ च्या सुमारास त्याच्या नावावर सुमारे १८०० पौंड निघाले. तेव्हा त्या शहाण्या माणसाने तंबाखू सोडून गहू पेरावयास सुरुवात केली. बाकीच्यांना ते सुचले नाही, किंवा सुचूनही जमले नाही. लहान शेतकऱ्यांसाठी ग्लासगोच्या व्यापाऱ्यांनी नद्यांच्या काठी दुकानेच थाटली होती. तिथे तंबाखू जागेवर विकावी आणि कापड, मीठ, कुदळ उधारीवर न्यावी. पुढे १७७२ च्या जूनमध्ये लंडनचा एक पेढीवाला, अलेक्झांडर फोर्डाइस, दिवाळे काढून फ्रान्सला पळाला. त्याच्यामागोमाग स्कॉटलंडच्या पेढ्या कोसळल्या. पेढ्यांनी व्यापाऱ्यांचा गळा धरला, व्यापाऱ्यांनी व्हर्जिनियाचा.

आता त्या ब्रिस्टलच्या पेढीकडे वळू. व्हर्जिनियात तिच्या वतीने वसुली पाहणारा वकील होता जॉन वेल्स. हा मोठा जमीनदार, आणि स्वतःही त्याच पेढीचा ऋणको. १७७२ साली त्याने आणि रिचर्ड रँडॉल्फ नावाच्या त्याच्या भागीदाराने ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ नावाच्या जहाजातून आलेले आफ्रिकन गुलाम विकावयास घेतले. गिऱ्हाइकांनी तेही उधारीवरच नेले. माणसे विकली गेली, पैसे आले नाहीत आणि चोपडीत आणखी एक बाकी चढली. पुढल्याच वर्षी वेल्स वारला. त्याच्या एका जावयाच्या वाट्याला सुमारे ११,००० एकर जमीन, १३५ गुलाम आणि ब्रिस्टलच्या कर्जाचा हिस्सा आला. जावयाचे नाव टॉमस जेफरसन.

स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ह्या पुरुषाने कर्ज बुडवायचे मनात आणले नव्हते, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. त्याने जमिनी विकल्या. परंतु खरेदीदारांनी पैसे दिले ते युद्धकाळातल्या कागदी चलनात, आणि ते चलन बघता बघता पाचोळ्याच्या मोलाचे झाले. जमीन गेली ती गेलीच, कर्ज होते तिथेच राहिले. व्हर्जिनियात ही कर्जे बापाकडून मुलाकडे अशी पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली असून जमीनदार म्हणजे लंडनच्या पेढ्यांना जोडलेली एक प्रकारची मालमत्ताच झाली आहे, असे त्याने पुढे एके ठिकाणी लिहिले. शेकडो माणसे स्वतःची मालमत्ता म्हणून बाळगणाऱ्याने ही उपमा वापरावी, ह्यातला विरोध त्याला जाणवला होता की नाही, कोण जाणे.

युद्ध पेटले तेव्हा १७७७ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने एक सोयीचा कायदा केला. ब्रिटिश सावकाराचे देणे ज्याला असेल त्याने तितकी रक्कम कागदी चलनात सरकारी कचेरीत भरावी, पावती घ्यावी, आणि ऋणमुक्त व्हावे. डॅनियल हिल्टन आणि मंडळींचे फॅरेल-जोन्सना २,९७६ पौंड देणे होते. त्यांनी १७८० च्या एप्रिलमध्ये ३,१११ कागदी डॉलर भरले आणि हिशेबापैकी ९३३ पौंड फिटले अशी नोंद करून घेतली. त्याच्या आदल्याच महिन्यात काँग्रेसने चाळीस कागदी डॉलरांना एक चांदीचा डॉलर हा दर मान्य केला होता. त्या दराने हिल्टनची रक्कम ७८ डॉलरही भरत नव्हती!

युद्ध संपले. पॅरिसला तहाची बोलणी सुरू झाली तेव्हा जॉन ॲडम्सने साफ सांगितले की आम्हांला कोणाला फसवायचे नाही. त्याच्या ह्या एका वाक्याने ब्रिटिश वकिलांचे निम्मे काम झाले. १७८३ च्या तहाचे चौथे कलम असे ठरले की दोन्ही पक्षांच्या धनकोंना आपली खरी येणी पूर्ण किमतीने, ब्रिटिश नाण्यात, वसूल करण्यास कायद्याचा कसलाही अडथळा होऊ नये.

व्हर्जिनियात हे ऐकून संताप झाला. ब्रिटिश व्यापाऱ्यांचेच देणे द्यायचे तर आपण लढलो कशासाठी, असे लोक उघड विचारतात, हे जॉर्ज मेसनने त्याच वर्षी पॅट्रिक हेन्रीला कळविले. मेसनला स्वतःला हा विचार पसंत नव्हता. ॲडम्स न्यू इंग्लंडचा, तिथे अशा कर्जांचा बोजा थोडा. शब्द त्याने दिला आणि पाळायचा व्हर्जिनियाने, हे खरेच आहे. पण पराक्रमाच्या गप्पा मारणारी मंडळी देणे द्यायची वेळ आली की किती कायदेपंडित होतात, हेही ह्या प्रकरणात दिसते.

त्यांच्या हाती एक सबबही होती. तहाच्या सातव्या कलमाप्रमाणे ब्रिटिशांनी जाताना गुलाम नेऊ नयेत असे ठरले होते. परंतु युद्धात जे गुलाम पळून इंग्रजांच्या आश्रयास गेले त्यांना स्वातंत्र्याचे वचन मिळाले होते, आणि न्यूयॉर्कचा ब्रिटिश सेनापती सर गाय कार्लटन त्यांना परत द्यावयास तयार होईना. त्याने जहाजांवर चढणाऱ्यांची नावे एका वहीत लिहवून घेतली. सुमारे ३,००० स्त्री, पुरुष व मुले नोव्हा स्कोशियास गेली. तुम्ही आमची माणसे नेलीत, आम्ही तुमचे पैसे देत नाही, असे व्हर्जिनियाचे उत्तर. न्यायालये ब्रिटिश धनकोंना दाद देईनात. उलट इंग्रजांनी डेट्रॉइट, नायगारा वगैरे पश्चिमेची ठाणी सोडली नाहीत आणि कारण दाखविले ते ह्या कर्जांचे. १७८६ साली परराष्ट्रखाते सांभाळणाऱ्या जॉन जेने चौकशी करून काँग्रेसला कळविले की तह आपल्याच राज्यांनी मोडला आहे. काँग्रेसने राज्यांना विनवण्या केल्या. तिच्या हातात दुसरे होतेच काय?

आणि गंमत अशी की, जुनी देणी थकली असताना नवी उधारी मात्र जोरात चालू होती. तह होताच इंग्रजी मालाची जहाजे अमेरिकेच्या बंदरांत दाटली. चार-दोन वर्षांत नाणे देशाबाहेर गेले, बंदरातल्या व्यापाऱ्याने गावातल्या दुकानदाराकडे तगादा लावला, त्याने शेतकऱ्याकडे. मॅसाच्युसेट्सचे शेतकरी १७८६ मध्ये बंड करून उठले त्यामागे हीही एक साखळी होती.

नव्या राज्यघटनेत तह हा देशाचा सर्वश्रेष्ठ कायदा ठरला आणि १७९० पासून संघराज्याची न्यायालये उघडली. ब्रिटिश धनकोंनी रिचमंडला फिर्यादींचा पाऊस पाडला. १७९१ साली व्यापाऱ्यांनी आपल्या सरकारपुढे जी यादी ठेवली तिची बेरीज व्याजासह सुमारे ५० लाख पौंड होती, आणि तिच्यातला निम्म्याच्या आसपास भाग एकट्या व्हर्जिनियाचा. पुढच्याच वर्षी राज्यांच्या कायद्यांचे समर्थन करणारे प्रदीर्घ उत्तर ब्रिटिश वकिलास धाडले ते परराष्ट्रमंत्र्याने. आणि परराष्ट्रमंत्री होता जेफरसन.

हिल्टनचा खटला १७९६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियास सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जोन्स तोवर वारला होता. त्याच्या मालमत्तेचा कारभारी वेअर हा वादी. ऋणकोंच्या बाजूने रिचमंडचा जॉन मार्शल उभा राहिला. कायद्याने एकदा फिटलेले कर्ज तहाने पुन्हा जिवंत होत नाही, हा त्याचा मुद्दा. मार्शल हरला. राज्याच्या कायद्यापेक्षा राष्ट्राने केलेला तह वरचढ, असा निकाल ७ मार्चला लागला. त्या न्यायालयात मार्शलने चालविलेला हा एकमेव खटला. पुढे तोच तिथला सरन्यायाधीश झाला, आणि संघराज्याचा अधिकार राज्यांवर बसविण्यात त्याच्याइतका वाटा दुसऱ्या कोणाचा नाही!

दरम्यान १७९४ साली जेने लंडनला नवा तह केला. त्यापायी गावोगाव त्याच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. पण त्याने ठाणी सुटली, युद्ध टळले, आणि तेराव्या कलमाने अमेरिकन जहाजांना हिंदुस्थानातील ब्रिटिश बंदरांशी, म्हणजे आपल्या मुंबईशीही, व्यापार करण्याची मुभा मिळाली. संघराज्याचे उत्पन्न मुख्यतः आयात जकातीवर चाले आणि आयातीचा मोठा भाग ब्रिटनचा. भांडण परवडणारेच नव्हते. कर्जांसाठी नेमलेले पंचमंडळ मात्र १७९९ मध्ये भांडणातच मोडले. शेवटी १८०२ साली अमेरिकेने ६ लाख पौंड तीन हप्त्यांत देऊन प्रकरण मिटविले. व्यापाऱ्यांच्या मान्य झालेल्या मागण्यांचेही निम्म्याहून कमी हाती आले. ज्यांनी थकविले त्यांचा भार असा जकात भरणाऱ्या साऱ्या जनतेवर पडला. गुप्तपणे पडला म्हणा ना, कारण कोणाला तो जाणवलाही नाही.

जेफरसन जन्मभर ऋणकोच राहिला. सासऱ्याच्या देण्यात त्याच्या स्वतःच्या खर्चाची भर पडली, आणि एका मित्रासाठी दिलेल्या जामिनकीची. ४ जुलै १८२६ रोजी तो वारला तेव्हा एक लाख डॉलरांहून अधिक देणे होते. १८२७ च्या जानेवारीत त्याच्या माँटिसेलोच्या वाड्यातील चीजवस्तूंबरोबर १३० गुलामांचा लिलाव पुकारला गेला. जेफरसनने मृत्युपत्राने पाच जणांना मुक्त केले होते. त्यांत जो फॉसेट नावाचा लोहार होता. ज्या वारशाबरोबर ब्रिस्टलचे कर्ज आले, त्याच वारशात त्याची आई मेरी आली होती. फॉसेट मुक्त झाला. त्याची बायको ईडिथ आणि मुले त्या लिलावात वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकली गेली.