गळती, सदनिकेतील : लालबागमधील कायदेशीर उपाय

वरच्या मजल्यावरून, गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामायिक नळातून झिरपणाऱ्या पाण्याने घराचे सतत नुकसान होत असेल, तर रहिवाशाला कायद्याने मिळू शकणारी दाद. मुंबईतील लालबागमध्ये तिचा एकच मार्ग नाही. एकाच गल्लीत गिरणगावाच्या काळातल्या भाड्याच्या व पागडीच्या चाळी आहेत, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती आहेत आणि चाळी पाडून किंवा गिरण्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले टॉवरही आहेत. पाणी सगळीकडे सारखेच गळते, दाद मागायची कचेरी मात्र वेगळी. भलत्याच कचेरीत खेटे घालण्यात दोन-तीन पावसाळे सहज जातात आणि तेवढ्यात मुदतही संपते.

चाळीतल्या खोलीचा मालक रहिवासी नसतो, म्हणून तिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू होतो. त्याच्या कलम १४ नुसार, वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणे हे घरमालकाचे काम. निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने हालचाल केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. भाडे महिना दोनशे रुपये असेल तर ही वजावट वर्षाला सहाशे रुपये होते. एवढ्यात मोरीच्या लाद्याही बदलून होत नाहीत. वाशे, छत किंवा भिंतीच कुजल्या असतील तर प्रश्न म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे जातो. ही व्यवस्था १९६९ च्या कायद्याने सुरू झाली आणि १९७६ च्या म्हाडा अधिनियमात सामावली गेली. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या, उपकर भरणाऱ्या इमारती तिच्या कक्षेत येतात. मूळ यादीत अशा १९,६४२ इमारती होत्या. मंडळ संरचनात्मक दुरुस्ती करते, शेजाऱ्याची फुटकी मोरी नव्हे.

सहकारी संस्थेच्या इमारतीत पहिला प्रश्न पाणी कुणाचे हा. आदर्श उपविधींनी तो बऱ्यापैकी सोडवला आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, सामायिक नळ व सांडपाण्याच्या वाहिन्या आणि पावसाची गळती यांचा खर्च संस्थेचा. गच्चीतून पाणी उतरून सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घराचा गिलावा पडला, तर तोही संस्थेनेच करून द्यायचा. संडास, न्हाणीघर, सिंक यांची आतली गळती ज्याच्या घरातून होते त्याने स्वखर्चाने थांबवायची, आणि गरज पडल्यास संस्थेने मध्यस्थी करायची. ‘हे तुमचे दोघांचे आपसातले आहे’ असे सांगून हात झटकणाऱ्या समितीला हे वाक्य दाखवावे. समितीला पाहणीसाठी सदनिकेत जाण्याचाही अधिकार आहे. वरचा सभासद दार उघडत नाही, ही तक्रार लालबागमध्ये नवी नाही. अशा वेळी समितीने त्याला लेखी नोटीस देऊन तिची नोंद इतिवृत्तात करावी.

समिती ढिम्म राहिली तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. निवाडा मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकारी न्यायालय करते आणि निकालापर्यंत अंतरिम आदेशही देऊ शकते. गळतीच्या रागाने देखभाल खर्च भरणे थांबवू नये. थकबाकीदार ठरलेल्या सभासदावर वसुलीची कारवाई होते, आणि मूळ तक्रार बाजूला पडून तोच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

नव्या टॉवरमध्ये विकासकाची जबाबदारी पाच वर्षांची. रेरा कायद्याच्या (२०१६) कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर विकासकाने ३० दिवसांत तो विनामोबदला दूर करायचा. न केल्यास महारेरा या नियामक प्राधिकरणाकडे तक्रार करून भरपाई मागता येते. जुन्या मोफा कायद्यात (१९६३) ही मुदत तीन वर्षांची होती. रेराचा हा लाभ विकत घेतलेल्या घराला निर्विवाद मिळतो. चाळीच्या बदल्यात पुनर्वसनाचे घर मिळालेल्याने आधी विकासकाशी झालेला पर्यायी जागेचा करार काढून पाहावा. विकास नियमावलीच्या ३३(७) खाली झालेल्या पुनर्विकासात इमारतीच्या दहा वर्षांच्या देखभालीसाठी विकासकाने निधी ठेवायचा असतो. तो नेमका कुठे आहे, हे विचारण्याचा संस्थेला पूर्ण हक्क आहे.

विकासकाविरुद्ध ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. घरबांधणी ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्येच ठरवले. तक्रारीची मुदत दोन वर्षे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. म्हणजे लालबागच्या टॉवरमध्ये दोन कोटींवर रक्कम मोजणाऱ्याला न्हाणीघराच्या गळतीसाठी दिल्लीचा आयोग गाठावा लागतो. त्याच्यासाठी महारेरा जवळची.

महापालिकेच्या परळमधील एफ-दक्षिण विभाग कार्यालयाकडून उपद्रवाबद्दल नोटीस निघू शकते आणि तिचा वचक बसतो, परंतु पालिका भरपाई मिळवून देत नाही. छत कोसळण्याच्या बेतात असेल तर मात्र पहिला अर्ज तिथेच करावा. धोकादायक बांधकामावर १८८८ च्या महापालिका अधिनियमाचे कलम ३५४ लागते. याखेरीज वरच्या घरमालकाने दुरुस्ती करावी असा आदेश आणि नुकसानभरपाई दिवाणी न्यायालयातही मागता येते. गळती चालू असेतो हा सततचा अपकार मानला जातो व मुदत कायदा, १९६३ च्या कलम २२ प्रमाणे दाव्याची मुदत रोज नव्याने सुरू होते. जुना, थांबलेला डाग या सवलतीत बसत नाही.

खरी लढाई पुराव्याची असते. ओल वरच्या नहाणी ट्रॅपमधून आली की बाहेरच्या भेगेतून, हे डोळ्यांनी ठरत नाही. वरच्या मोरीत रंगीत पाणी सोडून किंवा गच्चीवर पाणी साठवून चाचणी करतात. तिचा नोंदणीकृत अभियंत्याने दिलेला अहवाल न्यायालयात प्लंबरच्या तोंडी मतापेक्षा कितीतरी वजनदार ठरतो. पाहणी जुलै-ऑगस्टमध्येच करून घ्यावी. कोबा आणि वॉटरप्रूफिंगचे काम पावसाळ्यानंतर निघते, तोपर्यंत भिंत वाळलेली असते आणि मग वरचा शेजारी गळती कधी नव्हतीच असे सांगू लागतो. तारखेसह छायाचित्रे आणि प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच यांची एक फाइल पहिल्या थेंबापासून ठेवावी.