ठाणे, फ्रँकफर्ट आणि आमची तळवली

मंडळी, परवा भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, आजीला तुम्ही हॉस्पिटलात का नाही ठेवलंत?" तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण शाळेत इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हे टिपण.

१९०१ साली दोन गोष्टी घडल्या. एक आमच्या शेजारी. ठाण्याचं मनोरुग्णालय त्या वर्षी सुरू झालं. "याला ठाण्याला पाठवा" ही थट्टा आपण लहानपणापासून ऐकतो, ती त्याच्यावरूनच. दुसरी गोष्ट जर्मनीत. रेल्वेत कारकून असलेल्या कार्ल डेटरची बायको ऑगस्ट वस्तू कुठेही लपवू लागली, रात्री ओरडू लागली. नोव्हेंबरमध्ये तिला फ्रँकफर्टच्या इस्पितळात दाखल केलं. वय अवघं ५१. तिथल्या डॉ. आल्झायमरनी नाव विचारलं, ती म्हणाली, "ऑगस्ट". नवऱ्याचं नाव विचारलं, तरी "ऑगस्ट"च. १९०६ मध्ये ती इस्पितळातच गेली. डॉक्टरांनी तिचा मेंदू तपासला आणि १९१० मध्ये क्रेपेलिनने या आजाराला आल्झायमरचं नाव दिलं.

आपल्याकडे मात्र हा आजार मानलाच जात नव्हता. "साठी बुद्धी नाठी" म्हटलं की विषय संपला! ठाण्यासारख्या ठिकाणी माणूस जायचा तो १९१२ च्या कायद्याखाली, बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने. आपल्या म्हाताऱ्या आईसाठी कोण कोर्टाची पायरी चढणार? म्हणजे आपले पूर्वज म्हाताऱ्यांना घरी सांभाळत, ते फार मायाळू होते म्हणूनच असं नाही. दुसरी वाटच नव्हती. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी देशपातळीवरची संस्था केरळात निघाली, तीसुद्धा १९९२ साली.

आमच्या आईचं विसरणं सुरू झालं २००४ मध्ये. दारं उघडी दिसली की ती भातशेतीवर जायला निघे. सिडकोची स्थापना १९७० ची, त्यानंतर इकडची शेतं गेली, तिथे इमारती उठल्या. पण आईच्या डोक्यात शेत तसंच होतं. जुनी आठवण शेवटपर्यंत टिकते म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. एकदा ती ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला उभी सापडली. तेव्हापासून दाराला घुंगरू बांधलं आणि पदराला फोन नंबरची चिठ्ठी.

काही नातेवाईक म्हणाले, "ठेवा कुठेतरी." डॉक्टरांनी समजावलं की आजार बरा होणारा नाही, आणि अनोळखी जागेत अशी माणसं जास्त गोंधळतात. मी ठामपणे म्हणालो, आई घरीच राहील. गावात कौतुक झालं. "मुलगा असावा तर असा!"

आता खरं सांगतो. निर्णय माझा होता, कष्ट हिचे होते. हिने २००५ मध्ये नोकरी मुदतीआधी सोडली. न्हाऊ घालणं, भरवणं, रात्री तीन-तीनदा उठणं, आईने केलेला चोरीचा आळ ऐकून घेणं, सगळं हिने केलं. मी सकाळी शाळेत जाऊन मुलांना सनावळ्या पाठ करायला लावत होतो. आई २०१० मध्ये आपल्याच खाटेवर, हिच्या हातून पाणी पिऊन गेली. तेव्हाही लोक मलाच पुण्यवान म्हणाले आणि मी ते ऐकून घेतलं.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आपल्या देशात साठीपुढच्या ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. त्यातली बहुतेक घरीच असणार. म्हणजे तितक्याच घरांत कुणीतरी बाई रात्रीची जागी असणार.

म्हणून कार्लला मी आता दोष देत नाही. नोकरी सांभाळून हे एकट्याने झेपत नाही. कुणी आईवडिलांना संस्थेत ठेवलं तर नाक मुरडण्याआधी विचारा, घरी करणारं कोण होतं?

तेव्हा बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. आजीला आम्ही घरी ठेवू शकलो, कारण तुझी मामी होती. पुढच्या वेळी फोन तिला कर.

असो. आज इतकंच.