पाणी उतरल्यावर : इंदापूर तालुक्यातील एक दिवस

'तुमच्या भागात पाहण्यासारखे काय आहे?' असा प्रश्न बाहेरगावचे पाहुणे विचारतात, तेव्हा आमची नेहमीच थोडी पंचाईत होते. शेळगाव हे बारामती आणि इंदापूर यांच्या दरम्यानचे गाव. येथून लोक पंढरपूरला जातात, पुण्याला जातात. मुद्दाम येथे कोणी येत नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढीच्या आधी अंथुर्णे आणि निमगाव केतकीच्या वाटेने पुढे सरकते, तेवढे दिवस रस्ता गजबजतो. एरवी ऊस, साखर कारखाना आणि कालव्याचे आवर्तन हेच बोलण्याचे विषय. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्गात देशोदेशीची प्रवासवर्णने शिकवली, परंतु आपला तालुका सलग एक दिवस हिंडून पाहिला नव्हता. २०२४च्या एप्रिलमधील एका रविवारी तो योग आला.

निमित्त पळसदेवचे होते. २०२३चा पावसाळा हातचा गेला होता, उजनी धरणाचे पाणी झपाट्याने उतरत होते आणि एरवी केवळ शिखर वर काढून उभे असणारे पळसनाथाचे मंदिर पायथ्यापर्यंत उघडे पडल्याच्या बातम्या येत होत्या. आमच्यापैकी एकाचे घर शेळगावचे, तर एकीचे आजोळ त्या बुडालेल्या जुन्या पळसदेवचे. तेव्हा बेत असा ठरला : सकाळी निमगाव केतकीवरून इंदापूर, तेथून पळसदेव, मग भिगवण, आणि बारामतीमार्गे संध्याकाळी घरी. डब्यात भाकरी, पिठले आणि ठेचा. घाई कशाचीच नव्हती.

निमगाव केतकी पानमळ्यांसाठी नावाजलेले गाव. तेथे थांबून दोन विडे घेतले आणि इंदापूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना जे शिवार दिसते त्यात प्रवाशाला थांबवील असे काही नाही. कोठे काळी जमीन, कोठे मुरमाड माळ, कोठे चुनखडीची पांढरट पट्टी. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासातील एक फार मोठा प्रयोग याच मातीवर झाला आहे. त्याचा फलक कोठेही लावलेला नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. नव्या सरकारपुढे पहिला प्रश्न होता तो शेतसारा किती आणि कसा घ्यावा हा. रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोधले. तो इंग्लंडातील हेलिबरी येथील कंपनीच्या महाविद्यालयात शिकलेला. तेथे माल्थस अध्यापक होता. प्रत्येक शेताचे उत्पन्न काढावे, त्यातून खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठराविक हिस्सा सरकारने घ्यावा, असा त्याचा सिद्धान्त. १८३०च्या सुमारास ही आकारणी इंदापुरात लागू झाली आणि थोड्याच वर्षांत कोलमडली. पाहणी सदोष होती, सारा जड होता, पाऊस बेभरवशाचा होता. कुळे जमिनी टाकून शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून गेली. वसुलीसाठी रयतेचा छळ झाल्याचे पुढे मुंबई सरकारच्याच अहवालात नमूद झाले.

ही पडझड सावरण्यासाठी १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि नॅश हे अधिकारी इंदापुरात आले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला आणि सरळ जमीन तपासली. मातीची जात पाहायची, तिची खोली हाताने मोजायची. पावणेदोन हात खोल, निर्दोष काळी जमीन म्हणजे सोळा आणे. खोली कमी झाली, चुनखडी निघाली, वाळू मिसळलेली असली, उतार असला, पाणी साचत असले की एकेक प्रत खाली. अशा नऊ प्रती. त्यावर माफक सारा ठरला आणि तो तीस वर्षे वाढणार नाही अशी हमी मिळाली. इंदापुरात बसवलेली ही घडी पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली; १८४७च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. आपल्याकडील सर्व्हे नंबर, प्रतबंदी, तेहेतीस फुटांची साखळी, त्या साखळीच्या चौरसाचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, ही सारी भाषा त्या मोजणीने घरोघरी पोहोचवली. आणे चलनातून गेले. 'आणेवारी' मात्र अजून गेलेली नाही. सरकारी कागदावर तिची 'पैसेवारी' झाली, तरी दुष्काळ जाहीर होणार की नाही याची चौकशी करताना गावातला माणूस जुनाच शब्द वापरतो.

या पद्धतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ओस पडलेली शेते तिच्यामुळे पुन्हा नांगराखाली आली. परंतु तिच्यात एक गोष्ट धरलेली नव्हती. जमीन कितीही सोळा आणे असली तरी सारा रोखीने आणि दरवर्षी भरायचा. पावसाची प्रत मात्र कोणी लावत नाही. वाईट वर्षी सावकाराकडे जाण्यावाचून गत्यंतर नसे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले आणि भाव कोसळला. त्याच सुमारास, १८६६ मध्ये, इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली व फेरआकारणीत सारा मोठ्या प्रमाणात वाढला. १२ मे १८७५ रोजी जवळच्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. खते बाहेर काढून जाळली गेली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे पसरले, चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना काही संरक्षण देणारा कायदा झाला. मधल्या काळात १८७६-७७चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता.

हे सारे गाडीत बोलता बोलता इंदापूर आले. येथे छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांची गढी आहे. निजामशाहीचे सरदार असलेले मालोजीराजे सतराव्या शतकाच्या आरंभी इंदापूरच्या लढाईत कामी आले, हे परमानंदाच्या 'शिवभारता'त आहे. वर्षाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. त्यांनी आपल्या मुलांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या अवलियाच्या नावावरून शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली. गढीच्या परिसरातच चाँदशावलींचा दर्गा आहे. मातीच्या त्या जुन्या बुरुजापाशी उभे राहिल्यावर एवढे जाणवते की, हा मुलूख कायम सीमेवरचा होता. निजामशाही आणि आदिलशाही यांच्या मध्ये आणि पुढे कंपनी सरकार व निजाम यांच्या मध्ये. रयतेला पळून जाण्यासाठी भीमा ओलांडणे पुरत असे.

इंदापूरहून सोलापूर-पुणे महामार्गाने पळसदेवला पोहोचलो तेव्हा ऊन तापले होते. नवे गावठाण महामार्गालगत आहे, तेथे पळसनाथाचे नवे मंदिरही आहे. जुन्या मंदिराकडे जायचे तर धरणाच्या पोटात उतरावे लागते. भीमेवरील उजनीचे काम १९६९ मध्ये सुरू झाले, १९८० मध्ये ते पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर असे नाव मिळाले. इंदापूर, करमाळा, दौंड आणि कर्जत या तालुक्यांतील गावे त्याच्या पाण्याखाली गेली. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातील निम्म्याहून अधिक मृत साठा. म्हणून या धरणाच्या बातम्यांत 'उणे' हा शब्द येतो : उपयुक्त पाणी संपून मृत साठ्याला हात लागला की टक्केवारी उणे होते. त्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली.

भेगाळलेल्या गाळावरून चालत आम्ही मंदिरापर्यंत गेलो. काळ्या दगडाचे कोरीव खांब, त्यावर विटांचे शिखर, आवारात वीरगळ. इतकी वर्षे पाण्याखाली राहूनही नक्षी शाबूत आहे. बरीच गर्दी होती. तरुण मुले छायाचित्रे काढत होती. थोडे बाजूला घरांच्या जोत्यांचे दगड ओळीने दिसत होते. तेथे शेरडे राखत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

"शेळगावचे."

"म्हंजी कालव्यावरचं." ते हसले. "तुमच्याकडं पाणी आलं. आमच्यावर आलं."

या वाक्यात कडवटपणा नव्हता. एखादी जुनी नोंद वाचून दाखवावी तसे ते बोलले. मग आजोळची ओळख निघाली, आडनाव सांगितले, तसा त्यांचा सूर बदलला. "मग तू लेकीची लेक हायेस की गावची! हितं येस हुती. ही चावडी. तुमचं घर त्या तिकडं, खालच्या आळीला." त्यांनी काठीने दाखवलेल्या जागी गेलो. चार दगड, एक फुटके जाते. हेच ते घर असे म्हणायला आधार काही नव्हता. आजीने आयुष्यभर सांगितलेला चौकही नव्हता, परसातली चिंचही नव्हती. जात्याची पाळी उचलून न्यावी असे क्षणभर वाटले, नेली नाही. ती कोणाची आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते.

परत निघताना त्यांना विचारले, "बाबा, मंदिर पूर्ण दिसतंय याचा आनंद वाटतो का?" ते म्हणाले, "देव दिसतो तवा प्यायला पानी नसतं. काय म्हणू?"

भिगवणला दुपार टळली होती. कुंभारगावच्या काठावर मासेमार आपल्या होड्यांतून पर्यटकांना रोहित पक्षी दाखवायला नेतात. धरणामुळे तयार झालेला उथळ दलदलीचा काठ या पक्ष्यांना मानवला आणि बुडित क्षेत्राने काही घरांना नवा व्यवसाय दिला. पाणी कमी असल्याने आम्हांला होडीसाठी बरेच आत चालावे लागले. पक्षी मात्र थव्याने होते. गुलाबी पंखांची ती रांग उडाली तेव्हा आम्ही दोघेही सगळे विसरून पाहत राहिलो, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. सौंदर्य पाहताना माणूस हिशेब करत नाही.

बारामतीला संध्याकाळ झाली. मराठीच्या शिक्षकांनी येथे मोरोपंतांना टाळून पुढे जाणे बरे नव्हे. १७२९ मध्ये पन्हाळ्याला जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीस आले आणि १७९४ मध्ये कऱ्हेकाठच्या या गावीच वारले. आर्याभारत, एकशे आठ रामायणे अशी त्यांची ओळख आपण विद्यार्थ्यांना करून देतो आणि शब्दचमत्कृतीविषयी चार वाक्ये बोलून थांबतो. त्या दिवशी मात्र 'केकावली' हे नाव वेगळे ऐकू आले. केका म्हणजे मोराची हाक. ती मेघासाठी असते. पृथ्वी वृत्तातील त्या स्तोत्रात कवी ईश्वराला हाक घालतो, हे खरेच. परंतु अवर्षणाच्या मुलखात आयुष्य काढलेल्या कवीला आपल्या अखेरच्या आर्ततेसाठी हेच नाव सुचावे, याकडे आम्ही इतकी वर्षे केवळ अलंकार म्हणून पाहत आलो होतो.

बारामतीहून घरी येताना वाटेत नीरा डावा कालवा भेटतो. तो १८८५ मध्ये सुरू झाला, दुष्काळाच्या अनुभवातून. भाटघरचे धरण त्याला पाणी पुरवू लागले. आरंभी शेतकरी हे पाणी घ्यायला फारसे राजी नव्हते. पाऊस चुकला तरच पाण्याला मागणी. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत राबवली, ऊस वाढला, १९३०च्या दशकात कळंबच्या माळावर वालचंदनगर उभे राहिले, पुढे सहकारी कारखाने आले. आमच्या घरातील दोन पिढ्यांची शिक्षणे या उसावर झाली आहेत. त्याच पाण्याने काही शिवारे चोपण आणि खारवट केली, आणि आमच्यासारख्या टेलकडच्या गावांना आवर्तनाची वाट पाहायला लावली, हेही त्याच हिशेबात येते.

इतिहासाची सहल म्हणून निघालो होतो, आणि जेथे जेथे थांबलो तेथे कोणीतरी कशाची तरी किंमत मोजलेली दिसली. ती मोजणारे आणि तिचा लाभ घेणारे क्वचितच एक असतात. विंगेटने या तालुक्याची माती हातभर खोल तपासली. पाण्याची अशी प्रतबंदी, म्हणजे कोणाला किती आले आणि कोणावर किती आले याची, अजून व्हायची आहे. आमच्या घरात दोन्ही बाजू एकाच छपराखाली नांदतात, म्हणून तरी आम्ही ती टाळू नये.

त्याच वर्षी पाऊस चांगला झाला आणि ऑगस्टमध्ये उजनी भरले. कालव्यालाही पाणी होते. गावात सर्वांना आनंद झाला, आम्हांलाही झाला. पळसनाथाचे मंदिर आणि खालच्या आळीतले ते जाते पुन्हा पाण्याखाली गेले. ते पुन्हा पाहायला मिळू नये, अशी इच्छा करणे आता आम्हांला जमते.